'ताजं' नावाचं फोल्डर

तीर्थरूप मामा,

दाताच्या दवाखान्यातल्या स्पीकरनं तोंड उघडलं, त्या क्षणापर्यंत तुमचा भाचा चारचौघांत मान वर करून चालत होता. आता तो खाणावळीतही भिंतीकडे तोंड करून जेवतो. असो, आधी रीतीचं उरकतो. साष्टांग नमस्कार घातला असं समजा (खोलीत तेवढी जागा नाही, पाय दाराबाहेर जातात). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा माझ्यावरचा राग कसा आहे? दोन्ही जुनी दुखणी, एकदम जायची नाहीत, हे मी जाणून आहे. फोनच केला असता, पण तो मामी उचलते, म्हणून पत्र.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. तुम्ही तुमच्या वर्गमित्राला, म्हणजे आमच्या साहेबांना, गळ घालून लावून दिलेली नोकरी मी सोडली. (मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हातात घेतलेली एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव. ही नेली. दारापर्यंत नेली आणि दाराबाहेर ठेवली.)

का सोडली ते कळायला तुम्हाला आमचं बिल्ड टूल कळायला हवं, आणि त्यासाठी तुमची लाँड्री पुरे. आम्ही लिहितो तो प्रोग्राम म्हणजे मळके कपडे. टूल ते घेतं, धुतं, इस्त्री करतं आणि झालेला माल 'तयार' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं. मळकं आणि तयार एका जागी कधी येऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. 'तयार'च्या आत दोन खण आहेत, एक 'गिऱ्हाईक' आणि एक 'चाचणी'. शर्ट तोच, पण एक गिऱ्हाईकाच्या अंगावर जाणारा आणि दुसरा आम्ही ओढूनताणून बघायचा. दुसरा नियम असा, की 'तयार'मध्ये हातानं काही ठेवायचं नाही. रोज सकाळी पहिलं बिल्ड सुरू झालं, की टूलनं स्वतः न बनवलेली प्रत्येक वस्तू तिथून झाडून निघते. (साहेब प्रत्येक नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी ऐकवतात. मीही ऐकलं होतं, मानही डोलावली होती.) आणि तिसरी भानगड म्हणजे दर्शनी जागी दिसणारं 'ताजं' नावाचं फोल्डर. ते मुळात फोल्डरच नाही. ती नुसती पाटी आहे, शेवटचं बिल्ड ज्या खणात गेलं असेल त्या खणाकडे बोट दाखवणारी. गिऱ्हाईकाचं बिल्ड केलं की बोट तिकडे, मग चाचणीचं केलं की बोट गपचूप इकडे. पाटी तीच, चेहरा तोच, बाहेरून काही कळत नाही. अशी माणसंही असतात, त्यांच्याकडे आता वळतो.

माझ्या समोरच्या टेबलावर आमची तपासनीस बसते. मी केलेलं काम बरोबर आहे की नाही ते बघणं हे तिचं काम. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही, हे पत्र मामीच्या हाती लागणारच आहे. एवढंच सांगतो, की ती रजेवर असली की मी चहा प्यायचंही विसरायचो. आम्ही तेव्हा दाताच्या दवाखान्यासाठी टोकन पुकारणारा प्रोग्राम करत होतो. पडद्यावर नंबर येतो आणि स्पीकरमधून यंत्राचा आवाज बोलतो. चाचणीच्या खणातल्या प्रतीत नंबरापुढे कोणतंही वाक्य घातलं तरी चालतं. ही प्रत तिच्याशिवाय कोणी उघडत नाही, असं मी धरून चाललो आणि तिथे लिहायला लागलो. दिवसाला एक वाक्य. तोंडानं बोलायला गेलं की माझं भांडण होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रोज दुपारी ती बटण दाबायची, पडद्याकडे बघायची आणि किंचित हसायची. त्या हसण्यावर मी पुढचं वाक्य लिहायचो. तीन महिने माझा संसार असा सुखाचा चालला होता.

प्रोग्राम बसवायच्या दिवशी मी सकाळी गिऱ्हाईकाचं बिल्ड नीट केलं. नंतर वाटलं, आता हा प्रोग्राम संपला, पुन्हा संधी येते न येते. म्हणून चाचणीच्या प्रतीत एक शेवटचं, धीराचं वाक्य घातलं आणि तिच्यासाठी तेही बिल्ड केलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, 'ताजं'मधून उचल आणि चल. मी उचललं आणि चाललो.

दवाखाना भरलेला होता. डॉक्टर दारात उभे, साहेब कौतुकानं हात मागे बांधून, आणि मी बटणापाशी. स्पीकर खणखणीत म्हणाला, "टोकन क्रमांक नऊ इतके दिवस तोंड उघडलं नाही, आज उघडतो." गालाला रुमाल बांधलेले एक काका धडपडत उठले. "अहो उघडतो ना, आधी आत तर जाऊ द्या." इथेच मी वायर ओढायला हवी होती, पण घाईत पुन्हा बटणच दाबलं. "टोकन क्रमांक दहा. साहेबांच्या डोक्यावर केस उरले नाहीत आणि माझ्यात धीर." साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. "टोकन क्रमांक अकरा. तू हसलीस की माझं जेवण राहतं." अकरा नंबरच्या आजी कवळी हातात घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा लावा ना जरा." (माझ्या लिखाणाला आयुष्यात मिळालेली ही एकुलती एक दाद.)

ऑफिसात परतल्यावर साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी शांतपणे दुसरी प्रत पाठवली आणि आत निघून गेले. मग मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, जे जगाला कळलं ते तुला आधीपासून माहीत होतंच. ती म्हणाली, "काय?"

मामा, तिनं एकही अक्षर वाचलेलं नव्हतं. ती बटण दाबते तेव्हा टूल लपलेल्या जागी एक तात्पुरती खोली उघडतं, माझी प्रत तिथे नेतं, नंबर क्रमानं येतात का एवढंच स्वतः बघतं (नंबराच्या पुढे कोण काय रडतंय, याच्याशी त्याला घेणं नाही), आणि मग खोली आतल्या सामानासकट पुसून टाकतं. तिच्या पडद्यावर येते ती एक हिरवी खूण. म्हणजे मी तीन महिने ज्या पेटीत पत्रं टाकत होतो, तिला तळच नव्हता. मी विचारलं, मग तू हसायचीस कशाला? ती म्हणाली, "खूण हिरवी आली की मी वेळेवर घरी जाते." मग म्हणाली, "तोंडानं विचारलं असतंस, तर तोंडानंच नाही म्हटलं असतं. एवढी फोल्डरं कशाला लागली तुला?"

हेही मी गिळलं असतं. पण संध्याकाळी साहेबांनी नवा नियम काढला. यापुढे माझी प्रत्येक ओळ तपासनीस स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार, आणि मी 'टोकन क्रमांक' याच्यापलीकडे एक शब्द लिहायचा नाही. बघा हा न्याय. मी जीव ओतून लिहीत होतो तेव्हा वाचायला कोणी नव्हतं, आणि आता अक्षरन् अक्षर वाचणार, तर लिहायला आकडे.

मी तिथल्या तिथे राजीनामा टाइप केला. साहेबांच्या केसांपासून सुरुवात करून त्यांच्या चहापर्यंत सगळं काढलं. सकाळी आल्या आल्या साहेब पहिलं फोल्डर उघडतात तिथेच ठेवला आणि उठलो. दार असं आपटायचं ठरवलं होतं, की खिडक्यांनी नाव काढावं. पण त्या दाराला वर लोखंडी हात बसवलाय. कितीही ढकला, ते आपल्याच चालीनं मिटतं. मी बाहेर उभं राहून दोन्ही हातांनी ढकलत होतो आणि आतून ती म्हणाली, "आपोआप लागतं ते."

तर मामा, तुमचा भाचा आता स्वाभिमानी आणि बेकार आहे. मामीला कसं सांगायचं ते तुम्ही बघा. प्रकृतीला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा फोन आला. काय रे, दोन दिवस पत्ता नाही, ताप वगैरे आलाय का? राजीनाम्याबद्दल चकार शब्द नाही. क्षणभर वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. मग आठवलं की मी तो 'तयार'मध्ये ठेवला होता. हातानं. म्हणजे साहेब यायच्या आतच सकाळच्या बिल्डनं तो झाडून काढला. कोणी वाचलाच नाही. मी म्हटलं, हो, तापच आहे, मामांकडे आलोय. साहेब पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येणार आहेत म्हणे. तेव्हा एवढं कराच मामा, ताप होता म्हणून सांगा. अंगावर चादर होती म्हणालात तरी चालेल. वरचं सगळं पत्र मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. मामीलाही ताप सांगा.

पुन्हा ता. क. आत्ता तिचा मेसेज आला. "तुझ्या फाइलीत नऊ नंबरनंतर पूर्णविराम नाही. ताप उतरला की येऊन टाक." मी तो चार वेळा वाचला, आत काही लपलंय का ते बघायला. काही नाही, पूर्णविरामच हवाय. पण मला इतकं बारकाईनं आजवर कोणी वाचलं नव्हतं. निघतो. पत्र वाटेत टाकतो. माझ्या खोलीच्या दाराला लोखंडी हात नाही, हे हवं तेवढं आपटता येतं. नुसतं ओढून घेतो आणि जातो.