माईकपुढचा तळवा

३ जानेवारी
ह्यांच्या गळ्यातली गाठ कर्करोगाचीच. स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं — नंतर श्वास गळ्याच्या छिद्रातून, नाकातोंडातून नाही. आवाज जाणार. ह्यांनी चित्र नीट पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग शिंक कुठून?" डॉक्टर हसले. मी नाही.

४ जानेवारी
वैदेहीचा पुण्याहून फोन. "आई, ऑपरेशनच्या आधी बाबांना काहीतरी बोलायला लाव. मोबाईलवर घे."
हे भडकले. "मोबाईलवर? जन्मभर स्टुडिओ चालवला तो कशाला? माझ्या रिबन माईकवर घेऊ!"
डॉक्टरांनी बजावलंय — आवाज जपा, ओरडू नका. मी हातात पाटी-पेन्सिल दिली. तोंड बंद!

७ जानेवारी
इथल्या नवी पेठेतला बंद स्टुडिओ उघडला. आधी भिंतींवरच्या चादरी झटकल्या, केर काढला, मगच माईकची पेटी उघडली. धूळ अजिबात नको. पाटीवर हुकूम चालूच — "उभाच धर." "माईकवरची पिशवी काढू नकोस, चालताना वारा लागतो." माहीत आहे मला! आत केसाहून पातळ पट्टी. एक फुंकर आणि ताणली जाते.
येईल त्या गायकाच्या तोंडापुढे हे आधी स्वतःचा तळवा धरत. श्वास लागला की एकच वाक्य — "मागे सरा." भल्याभल्यांना सरावं लागलं.

९ जानेवारी
सगळं मुसळ केरात.
माईक लावला, पिशवी काढली. हे आतल्या खोलीत रेकॉर्डिंग चालू करायला गेले. दुधनीहून वन्सं भेटायला आल्या होत्या, त्या थेट माईकपुढे. तोंड जवळ नेलं, गाल फुगवले —
"अक्का, फुंकू नको!"
हे दारातून ओरडले. केवढ्यानं! वन्सं दचकून मागे. "अरे, चालू हाय का बघत होते की! लई रागीट झालास बाबा."
त्यानंतर ह्यांना शब्द फुटेना. नुसती हवा. पाणी दिलं, वाट पाहिली. नाहीच. पाटीवर लिहिलं — "रिबन?"
ठीक आहे म्हटलं. रिबन ठीक आहे.
वन्सं रडायला लागल्या. मी त्यांना चहा करून दिला. बोलले काही नाही. बोलायला हवं होतं का?

११ जानेवारी
आवाज परत आला नाही. रेकॉर्डिंगवर आलेलं तेवढंच वैदेहीला पाठवलं — "अक्का, फुंकू नको." रात्री तिचं उत्तर आलं, "बाबाच आहेत गं."
किती वेळा ऐकलं ते इथेही लिहिणार नाही.

१५ जानेवारी
ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पाटीवर पहिला शब्द — "पिशवी?" घातली आहे, म्हटलं.

२ मार्च
आज हट्टानं स्टुडिओत आले. माईकपुढे बसले, मला पिशवी काढायची खूण केली. काय करणार आहात, म्हटलं. पुढे वाकले. सवयीनं मी त्यांच्या तोंडापुढे तळवा धरला. काहीच लागलं नाही. माझा हात तसाच राहिला. तेव्हा त्यांनीच तो धरून खाली, गळ्यापाशी नेला. तिथे श्वास लागला — गरम.
"मागे सरा," मी म्हटलं.