एक टक्क्याचा केक

टल्सा, ता. ९ मे

ती. व्हर्लीनमावशीस,

डेल्बर्टचा वाकून नमस्कार (कंबर वाकत नाही, तरी वाकलो असं समज). तुझा गुडघा कसा आहे? परवाच्या वादळाने तुमचं खुराडं उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात ठेवलं म्हणे. कोंबड्या आतच होत्या आणि एकीने अंडंही घातलं, हे वाचून जीव भांड्यात पडला.

आमच्या पाइपलाइन कंपनीचं उत्पन्न चार विभागांतून येतं. साठ टक्के तेलाच्या वाहिन्यांतून, एकतीस गॅसच्या, आठ टाक्यांच्या भाड्यातून, आणि उरलेला एक टक्का ‘इतर’. इतर म्हणजे मी आणि ओडेसाबाई. निकामी पाइप आम्ही रँचवाल्यांना कुंपणासाठी विकतो (तुझ्या गोठ्यामागचं कुंपण आमचंच) आणि पंपिंग स्टेशनभोवतीची कुरणं गुरांना चरायला देतो. मार्चमध्ये आमच्या मालकांनी, थोरल्या हार्गिससाहेबांनी, उत्पन्नाचा गोल तक्ता पडद्यावर लावला. आमची फाक दिसेना म्हणून त्यांनी चष्मा पुसला, तरी दिसेना. झालं, जूनपासून आम्हाला गॅसमध्ये विलीन करायचं ठरलं. गॅसवाल्यांकडे (सातवा मजला, खिडकी नाही) जायच्या कल्पनेने ओडेसाबाईंनी आठवडाभर डबा उघडला नाही. एकतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

शनिवारी कंपनीची सहल होती. साहेबांच्या पत्नी हार्गिसबाईंनी हौसेने शंभर पौंड वजनाचा केक करवला होता, हुबेहूब त्या तक्त्यासारखा: तेलाचा काळा, गॅसचा निळा, टाक्यांचा पांढरा आणि आमची सुरीच्या पात्याएवढी गुलाबी फाक. तेलवाल्यांचा प्रमुख रॉइस टॅकेट ओरडला, “काय रे डेल्बर्ट, भिंग आणलंयस ना?” सगळे हसले. मीही हसलो (नोकरी आहे, मावशी). पण बाईंचा हुकूम होता, की ज्या विभागाचा केक त्यानेच खायचा. तेलवाले साठ पौंडांना चारशे! माणशी आगपेटीएवढा तुकडा, आणि टॅकेटच्या वाट्याला नुसती कड. आम्हा दोघांत अख्खा पौंड. माझ्या ताटलीत तळलेल्या भेंडीला जागा उरेना.

हार्गिससाहेब ब्रिस्केटचा, म्हणजे भाजलेल्या मांसाचा, तुकडा चघळत आले आणि आमच्या ताटल्यांकडे बघतच राहिले. “हे कसं काय?”

ओडेसाबाई काटा खाली न ठेवता म्हणाल्या, “टक्का लहानच आहे हो साहेब, पण खाणारी तोंडं दोनच ना.”

साहेब चघळायचे थांबले. कागदी रुमालावर त्यांनी माणशी उत्पन्नाचा भागाकार केला, खोडला, पुन्हा केला, आणि टॅकेटला बाजूला घेऊन गेले. सोमवारी हुकूम आला: विलीनीकरण रद्द, वर तिसरा माणूस मंजूर. ओडेसाबाईंनी त्यांचा डबा खाल्ला, मग माझाही. मी दोन्ही डबे धुऊन ठेवले. फार बरं वाटत होतं.

फ्लॉइडकाकांना नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझा भाचा,
डेल्बर्ट

ता. क. तिसऱ्या जागेसाठी तुझे जावईबापू मर्ल यांचा अर्ज आलाय. माणूस गुणी आहे. ओडेसाबाईंनाही पसंत आहे.

आणखी एक ता. क. सहल दरवर्षी असते. मर्लना डॉक्टरांनी गोड बंद केल्याचं तू नाताळात लिहिलं होतंस. अजून बंदच आहे ना? तशी डॉक्टरांची चिठ्ठी उलट टपाली पाठव, लगेच रुजू करून घेतो.