बाईंचा गिअरबॉक्स आणि तुमचं नाव

उस्ताद, आज शुक्रवार आहे आणि दुपारचं शटर मी अजूनही खाली ओढतो. तुमच्या नमाजासाठी पडलेली ती सवय. गिऱ्हाइकं विचारतात, "तुमी तर नमाजाला जात न्हाई, मग बंद कावून?" तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एरवी या वेळात मी जरा आडवा होतो, पण आज पाठ टेकवत नाही. समोर टेबलावर एक गिअरबॉक्स उघडा पडलाय आणि त्याच्या शेजारी दुसरा, गोणपाटात गुंडाळलेला, पुण्याच्या भंगारबाजारातून आलाय. दोन्हींतला कुठला बसवायचा ते ठरलंय, तरी एक गोष्ट सांगायची राहिलीय. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

गाडी धारूरच्या एका शिक्षिकेची आहे. बाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबायला पाय नाही, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तुमच्या हयातीत अशी गाडी आपल्या दारात एकदाही आली नाही. हिच्यात माणूस गिअर टाकत नाही, तेलाच्या दाबानं ते आपोआप पडतात. बाईंची शाळा घाटाखाली, म्हणजे रोज घाट उतरायचा आणि रोज चढायचा. एस्टीची पायरी त्यांना चढवत नाही. गाडी बंद पडली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचं आणि उपकार घ्यायचे, आणि उपकार घेणारी ती बाई नाही. दिवाळीनंतर गाडी ओढेना. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. कंपनीच्या वर्कशॉपवाले म्हणाले, आम्ही हा बॉक्स उघडत नाही, अख्खा बदलावा लागेल, आणि नवा यायला दोन महिने लागतील. तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. मी तेलाचा वास घेतला, तो जळका होता, आणि छाती फुगवून म्हणालो, "बदलायचा कावून, बाई? आतल्या प्लेटा जळल्यात. उघडून नवा करून देतो."

हा ताठा तुमचा, उस्ताद. पार्ट बदलणाऱ्याला तुम्ही मिस्त्री म्हणायचाच नाहीत. मी तुमच्याकडे आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, उसाच्या ट्रकवरची ड्रायव्हरकी सोडून आलेला, दोन लेकरांचा बाप. त्या वयात पाना धरायला शिकायचं म्हणून मी शरमेनं मान खाली घालून उभा होतो. तुम्ही हसला नाहीत. एका जीपचा गिअरबॉक्स पुढ्यात सरकवलात, खाली जुनी चादर अंथरलीत आणि म्हणालात, "खोल. जसं निघंल तसं वळीनं मांड. घाई न्हाई." चाची घरून तुमच्या जुन्या सुती लुंग्या धुऊन, चौकोनी फाडून पाठवायच्या. त्या फडक्यानं मी एकेक दातेरी चाक पुसतो, तुम्ही ते उन्हाकडे धरून बघता आणि परत देता. "अजून पूस बे. तुज्या तोंडागत दिसतंय." चार वेळा पुसल्यावर तुम्ही मान हलवली तेव्हा मला लग्न ठरल्याएवढा आनंद झाला होता.

बाईंचा बॉक्सही मी तसाच उघडला. आधी मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते, छत्रपती संभाजीनगरला एका जाणकाराकडे आठ दिवस बसून आलो होतो, चादर अंथरली होती. नव्या प्लेटा, नवी सिलं, नवं तेल. प्रत्येक भाग धुतला आणि पुसून बसवला. गाडी लोण्यासारखी चालली. पंधरा दिवस मी रस्त्यानं जरा रुंदच चालत होतो.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला फोन आला. "मिस्त्री, गाडी मागं चाललीय." एवढंच. घाटातल्या चढावर गिअर सुटला होता, ब्रेकवरून पाय उचलून रेस दिली की गाडी इंच इंच मागे सरकत होती, मागच्या सीटवर त्यांची नऊ वर्षांची लेक होती. मी इथं भर दुकानात "हँडब्रेक ओढा, हँडब्रेक!" म्हणून ओरडतोय आणि तिकडून मला फक्त पोरीचं रडणं ऐकू येतंय. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं उडी टाकून चाकाखाली दगड लावला. कोण होता तो, मला आजतागायत ठाऊक नाही, देव त्याचं भलं करो. मी पोहोचलो तेव्हा बाई रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसल्या होत्या आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता दुसराच बसवा, मिस्त्री. हा नको." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणून हा दुसरा बॉक्स मागवला. तो बसवायचा, जुना भंगारात टाकायचा, विषय संपला. पण मला राहवेना. परवा सकाळी जुना खोलला. त्यात व्हॉल्व्ह बॉडी म्हणून एक चपटा भाग असतो, आत तेलाच्या बारीक वाटा, आणि त्या वाटांमधून पेन्सिलीएवढ्या जाडीचे दांडे मागंपुढं सरकतात. त्यांच्या सरकण्यावर सगळे गिअर. त्यातला एक दांडा अडकला होता. चिमट्यानं काढला तर कडेला धागा. पांढरा, सुती, पापणीच्या केसाएवढा. माझ्या फडक्याचा. जीपच्या गिअरबॉक्सला असे शंभर धागे लागले तरी तो डकार देऊन गिळतो. याला एक पुरला. एका धाग्यानं मी माय-लेकीला दरीत घातलं असतं.

तेव्हा गुपचूप दुसरा बॉक्स बसवला असता तर कुणालाही कधी कळलं नसतं. हे मी अर्धा दिवस घोळवत बसलो, तुमच्यापासून काय लपवायचं. शेवटी फोन करून बाईंना बोलावलं. त्या कुबडी टेकवत आल्या, स्टुलावर बसल्या, आणि मी पांढऱ्या कागदावर तो धागा त्यांच्यापुढं ठेवला.

"हे काय हाय?"

"कापडाचा धागा, बाई. माज्या हातून राहिला. त्यानंच गाडी मागं आली."

त्यांनी कागद उचलून उजेडाकडं धरला. मग गोणपाटाकडं बोट केलं. "आन ह्या दुसऱ्याच्या पोटात काय हाय, ते ठाऊक हाय का तुमाला?"

"न्हाई. कुण्या अपघातातल्या गाडीचा हाय."

"मग हाच करा. ह्याचं निदान कळलं तरी. पर मी इथं बसणार, शेवटचा बोल्ट आवळंपर्यंत. आन घाटात गाडी मीच चालवणार, तुमी बाजूला बसायचं."

सोमवारी त्या सुट्टी टाकून येणार आहेत. धागे न सोडणारा कागद आणलाय, हवेचा पाइप नवा जोडलाय, दुकान दोनदा धुतलं. तरी पाने पुन्हा पुन्हा मोजतो. घाटातल्या त्या वळणावर गाडी मागे सरकतेय आणि मी बाजूच्या सीटवर नुसता बसलोय, असं भरदिवसा डोळ्यांपुढं येतं. बायको म्हणते, जमत नसंल तर न्हाई म्हणून सांगा की. आता कुठल्या तोंडानं सांगू?

हा कागद कुठं टपालात टाकायचा नाही, घडी करून पान्यांच्या कप्प्यात ठेवीन. पण ज्यासाठी लिहायला घेतला, ते अजून लिहिलंच नाही. जाता जाता बाईंनी विचारलं होतं, "एवढे जुने मिस्त्री तुमी, मग असं कसं झालं?" आणि मी म्हणालो, "आमच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं, बाई. सगळं फडक्यानं पुसून बसवायचं." हे खोटं आहे. मी नवा असताना डिझेलचा पंप पुसायला घेतला, तेव्हा तुम्ही माझ्या हातातलं फडकं हिसकून रस्त्यावर भिरकावलं होतं. सगळ्यांदेखत बोलला होतात, "जितं तेल बारीक वाटंनं जातं, तितं कापड न्यायचं न्हाई बे! धू आन हवेवर सुकव." मला ते पाठ होतं. बॉक्स बसवताना पाहुण्यांचं जेवण होतं, घरून दोनदा बोलावणं आलं होतं आणि हवेवर सुकायची वाट बघायचा मला कंटाळा आला, म्हणून फडक्यानं पुसला. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या, जुनं अडाणी माणूस, त्यांना काय ठाऊक असणार ह्या गाड्यांचं." आणि मी, उस्ताद, हो म्हणून मान हलवली.