शेवटचा भाग

डीमन, नेदरलँड्स,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय ललिता,
सप्रेम जय भीम.

दिनकरकाकांच्या टीव्हीवर जपानी मालिका लागायची, आठवतं? आपण दोघी त्यांच्या दारात एकाच पोत्यावर बसायचो. त्यातली सून चहा देताना पार जमिनीपर्यंत वाकली की तू मला ढोसायचीस, "ताई, हिची पाठ नाही का गं दुखत?"

मी ठीक आहे. थंडीने गुडघे कुरकुरतात. अश्वजित आणि तेजल आपापल्या कामात.

दोन वर्षं झाली, दर शुक्रवारी मनाली आणि मी जपानी मालिका बघतो. बघायचो. मी मराठीत बोलते, नात इंग्रजीत उत्तर देते. पण खालच्या इंग्रजी ओळी दोघींनाही वाचता येतात. शाळेतल्या सिस्टरांची कृपा. दोन वाडग्यांत नूडल्स, दोघींत एक पांघरूण. त्या मालिकांत कोणी ओरडत नाही गं. बापाला लेकीची माया आली की तो तिला भात वाढतो आणि गप्प बसतो. मला तेच आवडायचं.

काल शेवटचा भाग बघायचा होता. टीव्ही लावला, तर त्या भागाखालची लाल रेघ टोकापर्यंत गेलेली. मनालीने मैत्रिणीबरोबर आधीच बघितला होता.

"आजी, इट्स जस्ट अ शो," म्हणाली आणि खोलीत गेली.

अश्वजित शेजारी येऊन बसला. त्याने माझ्या वाडग्यात नूडल्स वाढल्या आणि गप्प राहिला. वाटलं, पोराला माया आली. मग तेजल म्हणाली, "आई, फोरबर्गचं नवीन घर लहान आहे. तुम्हाला पुण्यातच बरं वाटेल. तिकडे तुमची माणसं आहेत."

तिकीट काढूनच ठेवलं होतं. फक्त जाण्याचं.

"मनालीला सांगितलंत?"

"तिला केव्हाचंच माहीत आहे, आई," अश्वजित म्हणाला.

म्हणजे हाही शेवट सगळ्यांनी माझ्याआधी पाहिला होता. मी 'बरं' म्हटलं. वाकले नाही, एवढंच.

विचारायला नको, तरी विचारते: तुझ्या मागच्या खोलीत जागा आहे ना?

अश्वजितचा मित्र जयेश बुधवारी पुण्याला निघतो आहे, त्याच्याबरोबर पिशवी पाठवते. हिरवा चहा तुला. पाकाची बिस्किटं चैत्रालीला, तुझ्या सुनेला गोड आवडतं. निळा वाडगा मनालीचा आहे. तो कोणाला देऊ नकोस, मी आल्यावर त्यात जेवेन. माझा पांढरा धुऊन इथेच ठेवून येते. तो मनालीला. तिने मागितलेला नाही, तरीही.

तुझीच उरलेली,
ताई