विनंत्या वाचणं तू का सोडलंस

आई, गेल्या आठवड्यात तुझ्या मुलीचा फोन आला. मी सोडून जी आहे, तिचा. "अगं, माईला जाऊन अठरा वर्षं झाली की. आवंदा मोठी मिस्सा ठेवलीया, आन् एक छोटं पुस्तक काढतोय. त्यात तू लिहायचंस. लेखिका न्हवं तू?" झारखंडच्या डोंगरातून आलेली ही बाई आता असली कोल्हापुरी बोलते, की मंगळवार पेठेत जन्मलेली मी तिच्यापुढे रेडिओवरच्या बातम्या वाचल्यासारखी वाटते. हेही तुझंच काम. मला 'नीट बोल, शाळेत हसतील' म्हणून दटावत आलीस, आणि आपली खरी भाषा तिला देऊन टाकलीस.

विषयही तिनेच ठरवला होता. "माईनं विनंत्या वाचायचं का सोडलं, ते लिही. नव्या लोकास्नी ठावं न्हाय." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि तीन दिवस काही सुचलं नाही. मी दर आठवड्याला वर्तमानपत्रात कुणाची ना कुणाची टोपी उडवते. जिल्ह्यात तीन माणसं मला घाबरतात, त्यांतले दोघे वाचत नाहीत. पण हा लेख अडला, कारण तो दोनच प्रकारे लिहिता येतो. एक, सगळे जाणतात तसा: तू रविवारी चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेत, सगळ्यांच्या वतीने देवाकडे करायची विनंती वाचताना नको ते बोललीस, त्या मुलीचा ठावठिकाणा फुटला, आणि पुन्हा कधी तू वाचायला उभी राहिली नाहीस. दुसरा, खरा. तो लिहिला तर तुझ्यावरचा ठपका निघतो आणि बरोबर माझ्या डोक्यावर येऊन बसतो.

चर्चच्या मागची ती खोली आठवते तुला? कौलारू, एक टेबल, तीन खुर्च्या, त्यांतली एक फक्त दाखवायला. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचे आणि तुझी वाट बघायचे, तू समोर असूनही. फाउंड्रीतली ओडिशाची माणसं, वीटभट्टीवरच्या बायका, ऊसतोडीच्या टोळीतून मागे राहिलेलं कुणीतरी, सगळे तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन. ठेकेदाराने ओळखपत्रं काढून घेतली की तू त्याच्याकडे जायचीस, आणि भांडायच्या आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचीस. त्याच्या आईचे गुडघे दुखतात हे तुला माहीत असायचं! अर्ध्या तासात कार्डं टेबलावर, वर चहा. फादर म्हणायचे, पोप सांगतात ते आपल्या चर्चमध्ये हिलाच आधी कळतं: परक्याला घरात घ्या. तू शब्दशः घेतलंस. घरात घेतलंस.

ती आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि मी चौदा. तिच्याच जिल्ह्यातल्या एजंटाने शिवणकाम शिकवतो म्हणून आणलं आणि कुठल्याशा बंगल्यात कोंडून कामाला लावलं. पगार तो उचलायचा. बंगल्याच्या गच्चीवरून आपल्या चर्चचा क्रूस दिसायचा. एके दुपारी फाटक उघडं राहिलं, आणि तेवढ्या क्रूसाच्या अंदाजाने ती चालत आली. सिस्टरांच्या होस्टेलमध्ये जागा नव्हती. तू तिला घरी आणलंस, पुढ्यात ताट ठेवलंस आणि मला डोळ्यांनी गप्प केलंस. तुझा नियम होता: पहिल्या दिवशी जेवण. नाव दुसऱ्या दिवशी. हकिकत तिला वाटेल तेव्हा. मला मात्र शाळेतून आल्या आल्या, चपला काढायच्या आत, हकिकत सांगावी लागायची.

संध्याकाळी आपण जपमाळ करायचो. माळेचे पाच भाग, पाच रहस्यं. बाबा दोन सांगायचे, तू दोन, आणि मधलं तिसरं माझं. त्या पाच मिनिटांत घर माझ्या मागून बोलायचं, बाबासुद्धा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "आज तिसरं ती सांगंल." ती तिच्या हिंदीत सांगते आहे, डोळे मिटून, आणि तू तिच्याकडे अशी बघते आहेस की माळेचा मणी तुझ्या बोटांत अडकून राहिला आहे. तू दोन सांगायचीस, आई. तुझ्यातलं एक द्यायचं होतंस. मी हे स्वयंपाकघरात येऊन म्हटलं तर भाकरी थापता थापता, मागे न बघता तू म्हणालीस, "तुला आई हाय. तिला हितं कोन हाय? विषय संपला." विषय कसला संपतोय. मला त्या क्षणी वाटलं, होती ती आईसुद्धा गेली.

मग सगळंच दिसायला लागलं. ती तुझ्याशेजारी झोपते. तिच्या कपाळाला तू तेल लावतेस. चर्चमधल्या माझ्या दृढीकरणाच्या विधीचा पांढरा झगा, पुढच्या वर्षी पुन्हा घालीन म्हणून मी जपून ठेवलेला, उसवून तिच्या मापाचा झाला. शेजारच्या काकींनी तर कळस केला. जिन्यात थांबून तुला म्हणाल्या, "थोरली लई गुणाची हाय हं तुमची." थोरली! आणि तू चूक दुरुस्त केली नाहीस. हसलीस. त्यात तिला लपवायचा हेतू असेल, हे कळायला मला तिशी उजाडावी लागली. चौदाव्या वर्षी मला एवढंच कळलं, की आपल्या घरात मी धाकटी झाले आहे आणि मला कुणी विचारलेलं नाही.

तो रविवार. ती घरीच थांबायची, कुणी ओळखू नये म्हणून. तू वाचायला उभी राहिलीस. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, आणि मग कागदात नसलेली एक: "घरापासून लांब, फसवून आणलेल्या, आणि आज आपल्यातच आसऱ्याला असलेल्या एका लेकीसाठी." सगळे म्हणाले, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मी म्हटलं नाही. 'लेकीसाठी' हा शब्द ऐकल्यावर माझं तोंडच उघडेना.

मिस्सा संपल्यावर आवारात चहा होता. एक नवा माणूस आला होता, हातात चिठ्ठी. तुला आपले लोक माहीत आहेत. परगावचा कॅथलिक त्याच्या गावच्या फादरची चिठ्ठी घेऊन येतो: हा आमच्या चर्चचा, याला आपला माना. मग आपण मानतोच. चिठ्ठीवर शिक्का असला की चहा, आणि इंग्रजीत असली की बिस्किटंसुद्धा. याची शिक्क्याची होती आणि इंग्रजीतही. शिवाय मिस्सेत त्याने गुडघे असे टेकले होते की निम्म्या चर्चला स्वतःची लाज वाटली. कुणालाही शंका आली नाही. दुसरं कुठलं देऊळ असतं तर चार माणसांनी चार आडवे प्रश्न विचारले असते. आपल्याकडे कागद बघून कडेवर घेतात.

तो माझ्याजवळ आला. "बिटिया, हमारी भतीजी इधर आई है. घर में सब रो रहे हैं." तू बजावलं होतंस, कुणालाही सांगायचं नाही, फादरच्या पाहुण्यालासुद्धा नाही. मी म्हटलं, "आमच्या घरी आहे. मंगळवार पेठ, पिठाच्या गिरणीवर, दुसरा मजला. आत्ता गेलात तर एकटीच असेल." त्याने विचारलं नव्हतं, एकटी आहे का म्हणून. तेवढं मी माझ्याकडून दिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले आहे, की तो कोण हे मला कुठे माहीत होतं, चिठ्ठी होती ना त्याच्याकडे. पण चिठ्ठी मी बघितलीच नव्हती. मला एवढंच दिसत होतं की काका आला म्हणजे ती जाणार.

मग मी धर्मशिक्षणाच्या तासाला जाऊन बसले आणि दहा आज्ञा पाठ म्हणून दाखवल्या. सगळ्या, न चुकता.

पुढचं मला काकींनी सांगितलं. तू घरी पोचलीस तेव्हा त्या काकाने, म्हणजे एजंटाच्याच माणसाने, तिचं मनगट धरून तिला अर्ध्या जिन्यात आणलं होतं. तू ओरडली नाहीस. वाट अडवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चाचा हाय न्हवं? मग असं कसं पावणं? जेवूनच जायाचं. पोलिसास्नीबी जेवायला बोलीवलंया, येतीलच आता." काकी हातातल्या उलथन्यासकट बाहेर आल्या, गिरणीतली माणसं वर आली, आणि तो कठड्यावरून उडी टाकून पळाला. चार वाजायच्या आत तू तिला एसटीत बसवून आजऱ्याला सिस्टरांकडे पोचवायला निघालीस. आवारातच वेळ काढून मी संध्याकाळी घरी आले तर ताट झाकलेलं होतं आणि घर हवं तसं रिकामं होतं. त्या रात्री तिसरं रहस्य माझं होतं. दुसऱ्या 'नमो मरिये'ला अडखळले. बाबांनी सावरून घेतलं.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या समितीत चौकशी झाली, पत्ता फुटला कसा. तू उभी राहून म्हणालीस, "चूक माझी. मी विनंतीत बोलले." मी शेवटच्या बाकावर होते. मला तेव्हा उभं राहायचं होतं, असं आता म्हणता येईल, पण मी बाकाखाली पडलेली एक पिन पायाने इकडून तिकडे सरकवत होते. त्यांनी वाचकांच्या यादीतून तुझं नाव काढलं. बारा वर्षं वाचत होतीस. पुढे फादर बदलले, नव्यांनी दोनदा विचारलं, तू 'घसा बसतो' म्हणालीस. तुझा घसा कधी बसायचा? ठेकेदारांना विचारा म्हणावं.

ती सात वर्षांनी परत आली, नर्सिंग शिकून, तुझ्या हाताखाली. तुझ्या शेवटच्या आजारात तुझी वेणी ती घालायची. मी फणी घेतली की तू म्हणायचीस, तुझ्या हाताला घाई आहे गं. आता त्या खोलीत तीच बसते. फोनवर नोकरीच्या जाहिराती बघून फसलेल्या पोरी, फाउंड्रीतली तीच माणसं, नवी गावं. ठेकेदारांच्या आयांचे गुडघे तिलाही तोंडपाठ आहेत.

काल, गुरुवारी, मी गेले. पर्समध्ये लेख होता, पहिल्या प्रकारचा. तिने वाचला, एका बाईचा अर्ज भरता भरता. "झ्याक लिवलंयस. माई डोळ्यापुढं उभी ऱ्हायली." मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "खोटं आहे ते. त्याला पत्ता मी दिला होता."

तिने पेनाचं टोपण लावलं. "ठावं हाय की."

"कुणाला?"

"मला. माईला. जिन्यात त्यो काय म्हनाला ठावं हाय? आपकी बेटी ने ही भेजा है. माई शेजारीच हुती. त्यो पळाला तशी मला म्हनाली, ह्यातलं एक अक्षर तिच्या कानावर जायाचं न्हाय. चौदा वर्साची हाय, जल्मभर सवताला खात बसंल."

"आणि तू ऐकलंस?"

"तर! वर्षभर तुजं त्वांड बगू नये वाटायचं. मग माई यायची आजऱ्याला, दर म्हैन्याला. सिस्टरांच्या बागंत बसून काजू फोडायचो, आन् तुझ्यावरच बोलायचो. तू काय खातीस, काय वाचतीस, रुसलीस का. ती म्हनायची, हेवा लई हाय पोरीत, खरं लिवंल चांगली."

मी लेख परत घेतला. रात्री खरा लिहून काढला आणि आज सकाळी तिच्या हातात दिला. तुझं नाव स्वच्छ झालं. छापतील की नाही, ते समिती ठरवेल. समित्या अजून तशाच आहेत.

एक गोष्ट मात्र त्यात घातली नाही, आणि हे पत्र कुठे टाकायचं नसल्यामुळे इथे घालते. तिने 'ठावं हाय की' म्हटलं तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, रिक्षात बसल्यावर. त्याआधी, तिच्यासमोर, पहिल्यांदा जे वाटलं ते हे, की दर महिन्याला तू आजऱ्याला जात होतीस, आणि मला एकदाही नेलं नाहीस.