छायाचे गुडघे

शनि., १० फेब्रु.
उद्या डोंगर. मेहुणी लता देऊळगाव राजाहून आलीय, तिचाच हट्ट. अभयारण्याच्या कडेचा तो उघडाबोडका डोंगर. आधी दर हिवाळ्यात छाया आणि मी जायचो. मग तिचे गुडघे सुरू झाले. बायको घरी दुखत पडलेली आणि आपण एकट्यानं डोंगर चढायचा? सोडून दिलं. बोलून दाखवलं नाही कधी. उद्याही छायासोबत खालीच बसेन. लता आणि आमची लेक प्रणू जातील वर.

रवि., ११
लिहावंसं वाटत नाही. तरी...
जीप पायथ्यापर्यंत. सकाळीच ऊन. ओढे कोरडे, गवत वाळून पिवळं, सागाला पान नाही. सालईच्या झाडाखाली चटई टाकली. लता-प्रणू निघाल्या. पाण्याचा जार जीपमध्येच राहिलेला, तो आणायला गेलो. ड्रायव्हरशी थोडं बोललो असेन. येऊन बघतो तर चटईवर नुसते डबे, छाया नाही.
हाका मारल्या. ओढ्यात उतरून पाहिलं. इकडे अस्वलं आहेत. मग वर नजर गेली. निळी साडी. अर्ध्याच्या वर पोचलेली, लताच्याही पुढे. कुठे टेकत नव्हती, थांबत नव्हती.
मी धापा टाकत माथ्यावर गेलो तेव्हा खडकावर बसून बोरं खात होती.
"गुडघे?"
"बरे हायेत."
"कधीपासून?"
लता दुसरीकडे बघायला लागली. छा. म्हणाली, "पयल्या साली दुखले. मंग नाही."
"मंग सांगतलं काऊन नाही?"
"सांगतलं असतं तं तुमी डोंगरावर नेलं असतं."
डबे तसेच परत आणले.

सोम., १२
पाचवीच्या वर्गावर उगाच ओरडलो.
संध्याकाळी प्रणूला विचारलं. तिला ठाऊक होतं. "आई अन् मी जातो ना देऊळघाटकडच्या टेकडीवर. तुमी शाळेत असता तवा."
म्हणजे लेकसुद्धा.
इतके हिवाळे. रोज रात्री तेल कोमट करून मी चोळून दिलं. ती डोळे मिटून पडून राहायची. तेव्हा मनात काय म्हणत असेल?

बुध., १४
छा.शी बोलणं झालं. म्हणजे तीच बोलली.
"तुमच्यासंग चढलं का वर्गात बसल्यावानी वाटे. पाय इथं ठेव, श्वास असा घे, हे झाड कोनतं सांग. मले नुस्तं चालाचं होतं."
हे तोंडावर म्हणायचं होतं एकदा, मी म्हटलं.
"म्हटलं होतं. दोनदा."
मला आठवत नाही. खरंच नाही. की हीही थाप? आता तिचं काय खरं धरायचं? साधं डोकं दुखतं म्हणाली तरी...

शुक्र., १६
भाकरी वाढताना म्हणाली, "रविवारी मी अन् प्रणू डोंगरावर पुना जाऊन राह्यलो. येता असान तं या. पन मांगं राहा लागन. अन् बोलाचं नाही."
आवाजात राग नाही, लाडीगोडीही नाही. भाजी वाढावी तसं.
"पाहू," म्हटलं.

शनि., १७
तिनं पुन्हा विचारलं नाही. प्रणू दोनदा माझ्याकडे बघून गेली.
डोंगर हवा आहे मला. काल झोपेतही तिथेच होतो. पण तिच्या मागून, गप्प... आणि पुढे चालणारी ती बाई कोण, हे मला माहीत आहे असं धरून?
पहाटे निघणार म्हणे. येतो की नाही, मी अजून सांगितलेलं नाही काही.