एकसष्टावी दीर्घिका

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. मामा उद्या तिकडे यायला निघतोय, त्याच्या हातीच हे पत्र देते. फोनवर माझी दोन वाक्यं होईस्तोवर तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला तेवढी घाई नसते.

देवाच्या कृपेने बाबांचं मनगट जुळलं. एक्स-रे काढायला गेलो, तर तिथल्या मुलीला यांनी ऐकवलंच, आमची लेक आख्ख्या दीर्घिकांचे एक्स-रे काढते म्हणून. ती म्हणाली, मग तिथे रांग केवढी असेल! बाहेर आल्यावर मी म्हटलं, अहो, ती काढत नाही, तिकडून येतात ते टिपते. तर म्हणे, तू फार शहाणी.

शहाणी नाही, पण तू सुट्टीत सांगितलेलं पाठ आहे मला. काही दीर्घिका धुळीने इतक्या भरलेल्या, की उजेड बाहेर पडत नाही, नुसती ऊब पडते, आणि ती अवरक्त दुर्बिणीला दिसते. पण ऊब कशाची? बंद दाराआड ताऱ्यांची धडाधड बाळंतपणं चाललीत, की मधोमध बसून एखादं कृष्णविवर सगळं गिळतंय? कडक एक्स-रे धुळीतूनही निसटतात. ते भरपूर आले, की कृष्णविवर. तुझ्या एकसष्ट दीर्घिकांपैकी एकतीस तसल्या. ‘निम्म्याहून अधिक’, हे तुझ्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य. वीस तारखेला तो सादर होणार, हे मी समोरच्या शिवणवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून बसलेय.

तू इथे टाकून गेलेले छापील कागद मी ठेवून दिलेत. चांगले पाठकोरे, वाण्याची यादी लिहायला होतात. गेल्या आठवड्यात एक पान उलटलं, तर तुझा तक्ता. तक्ता दिसला की माझी पेन्सिल आपोआप ओळ न् ओळ तपासत खाली उतरत जाते, त्याला इलाज नाही. नावं माझ्या डोक्यावरून गेली, पण आकाशातल्या जागेचे आकडे तर वाचता येतात! चौदावी ओळ आणि सत्तेचाळिसावी ओळ: नावं निराळी, जागा तीच. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. एकेका दीर्घिकेला चार याद्यांत चार नावं असतात, हे तूच सांगितलंस ना? बाबा म्हणाले, तिच्या गाईडने बघितलंय, तू कशाला नाक खुपसतेस? मी चार दिवस जाऊ दिले. दोनदा फोन लावला, पण जीभ रेटेना, म्हणून हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

खरं तर त्यासाठीच हे पत्र. त्या दोन्ही ओळींपुढे कृष्णविवराची खूण आहे. दोन्ही एकच असतील, तर उरल्या साठांत तीस. बरोबर निम्म्या, अधिक नाहीत, आणि तुझं पहिलं वाक्य जातं. त्यात तुझी पाच वर्षं आहेत, ठाऊक आहे मला. पण परीक्षकांनी चारचौघांत दाखवण्यापेक्षा आईने गुपचूप दाखवलेलं बरं. आणि अर्ध्या घरी बाळंतपणं, अर्ध्या घरी गिळंकृत करणारा, हे ऐकायला काय वाईट आहे गं? शिवणवालीला मी नव्याने सांगेन. हा जुना मसुदा असेल, तुझ्या आधीच लक्षात आलं असेल, तर मला खुशाल हस. पण फोन करून हस, मला ऐकू येईल असं.

तुझीच, नाक खुपसणारी
आई